कोर्टावरची रास

उभ्या औसा तालुक्यात माळ आहेत, खळी आहेत, घरांच्या गच्च्या आहेत, कुलूप लावून ठेवलेली सभागृहं आहेत. पण ऑक्टोबर आला की आमच्या गावाला सोयाबीन वाळत घालायला बास्केटबॉलचं कोर्टच लागतं. दुसरीकडे कुठे घातलं तर ते वाळत नाही, अशी या लोकांची श्रद्धा आहे.

यंदा बऱ्याच वर्षांनी मी ऑक्टोबरात गावी आलो. एरवी सुट्टी मेमध्ये मिळते. मेमध्ये गाव कोरडं, रिकामं, गरीब वाटतं आणि माझा रागही जरा झोपलेला असतो. ऑक्टोबरात तसं नाही. लातूरच्या स्टँडवरून औशाच्या गाडीत बसलो आणि खिडकीतून तो वास आत आला. मळणीयंत्रातून उडणारं भुसकट, ओल्या शेंगांचा आंबूस वास, डिझेलचा धूर आणि परतीच्या पावसानं अर्धवट भिजवलेली माती. शेजारचा माणूस डोळे मिटून म्हणाला, ‘‘काय वास हाय बघा!’’ मी म्हणालो, ‘‘हाय की.’’ आणि खिडकी लावली.

कोर्ट शाळेच्या मागे आहे. मी सातवीत असताना कुठल्याशा योजनेत ते झालं. गुळगुळीत सिमेंट, दोन लोखंडी खांब, पत्र्याचे बोर्ड. बांधून झालं तेव्हा ते नेमकं कशासाठी आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत होते बिराजदार सर. शिकवायचे भूगोल, पण गळ्यात शिट्टी अडकवून सगळ्या खेळांचा कारभार बघायचे. त्यांनी आम्हाला बॉल दिला आणि म्हणाले, ‘‘त्या कडीत टाकायचा. बाकीचं हळूहळू कळंल.’’ आम्हाला हळूहळू कळत होतं. तेवढ्यात पीक निघालं आणि गावाला एकदम कळलं की हे कोर्ट नेमकं कशासाठी आहे.

मला आठवतो तो मी अकरावीत होतो तेव्हाचा हंगाम. पाऊस असाच रेंगाळलेला. सोयाबीनमध्ये ओल राहिली की आडत्याकडे भाव पडतो, म्हणून दिवसभर राशी पसरायच्या, हलवायच्या, संध्याकाळी गोळा करायच्या. कोर्ट कसं पिवळंजर्द दिसायचं. बाया त्यातून पाय ओढत चालायच्या, म्हणजे दाणे उलटेपालटे व्हायचे, आणि त्याचा आवाज व्हायचा सर्रर्र. लांबून एखाद्याला तो आवाज गोड वाटेल. मी त्या आवाजावर दात खात बॉल काखेत धरून कडेला उभा असायचो, कारण आठवड्याभरानं नांदेडला विभागाच्या संघाची निवड होती.

घासाघीस करायला मी तिथे शिकलो. माझ्या स्वभावाला लोक व्यापारी म्हणतात, म्हणोत. रोज चार वाजता आबांसमोर, म्हणजे वडिलांसमोर, जाऊन उभं राहायचं. आधी सगळं कोर्ट मागायचं, मग पाऊण, मग अर्धं. आबा मान वर न करता म्हणायचे, ‘‘शाळेकडचं अर्धं घे. तिकडचा माल वाळलाय. अन् बॉल हिकडं आला तर परत देणार न्हाई.’’ त्या अर्ध्यातही कडेला दाणे सांडलेले असायचे. सोयाबीनचा दाणा गोल आणि टणक. सिमेंटवर त्याच्यावर पाय पडला की माणूस आधी आकाश बघतो आणि मग जमीन. आम्ही सगळे पाय न उचलता, सरपटत, वाकून खेळायचो. पुढे मोठमोठ्या लोकांनी माझ्या पायांच्या हालचालीचं कौतुक केलं. कुणी म्हणालं, बघा, अडचणीनं कसं घडवलं. मला अशा वाक्यांचा संताप येतो. अडचणीनं मला घडवलं नाही. अडचणीनं माझा गुडघा दुखावला. तो नंतर खेळता खेळता कायमचा गेला.

पण त्या हंगामाचा खरा प्रताप गुडघ्याचा नव्हे.

एकाच बाजूला खेळायचं असलं की नियम असा असतो: समोरच्याच्या हातून बॉल हिसकावला की तो मधल्या रेषेपर्यंत न्यायचा, रेषेला पाय लावायचा, वळायचं आणि परत त्याच कडीवर हल्ला करायचा. कडी एकच. आम्ही महिनाभर, रोज, हेच केलं. दुसरी कडी सोयाबीनच्या पलीकडे होती, तिकडे बघायचीही सवय राहिली नव्हती.

नांदेडला आम्ही महिनाभरानं पहिल्यांदा पुऱ्या कोर्टावर आणि आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर खेळलो. आणि बरं खेळलो. शेवटची काही सेकंदं राहिली तेव्हा एका गुणानं पुढे होतो. समोरच्यांचा नेम चुकला, बॉल आमच्या व्यंकटच्या हातात आला. व्यंकट माझा वर्गमित्र, दिसायला राकट, मनानं गरीब. तो बॉल घेऊन सुसाट निघाला, मधल्या रेषेपर्यंत गेला, रेषेला पाय लावला, झोकात वळला आणि परत आला. आमच्याच कडीकडे. समोरचे पाचही जण बाजूला झाले, त्यांना वाटलं ही काहीतरी नवी चाल आहे. व्यंकटनं उडी मारून बॉल असा अलगद टाकला की इतकी देखणी बास्केट त्यानं जन्मात टाकली नव्हती. मग त्यानं दोन्ही हात वर केले.

ते दोन गुण समोरच्यांना मिळाले. आम्ही एका गुणानं हरलो. निवड करणाऱ्यांनी हरलेल्या, हसं झालेल्या संघाकडे परत बघितलंही नाही. त्या दिवशी मी किती गुण केले होते ते कुणी विचारलं नाही आणि मीही इथे सांगत बसणार नाही.  येताना एसटीत, औसा जवळ आल्यावर, बिराजदार सर एवढंच म्हणाले, ‘‘व्यंकट, रेषेला पाय लावायची काय गरज होती रे?’’

घरी येऊन मी आबांवर ओरडलो. तुमच्या सोयाबीनमुळे हरलो, अर्ध्या कोर्टामुळे हरलो. आबा पोत्याचं तोंड शिवत होते. म्हणाले, ‘‘अर्धं तर अर्धं. खेळायला मिळालं की.’’ थोरला भाऊ नाना तिथेच सुतळी धरून उभा होता. तो हसला.

ते हसू मी विसरलेलो नाही. पुढे मी नांदेडच्या कॉलेजात नाव घातलं, दोन वर्षं उशिरा का होईना विभागाच्या संघात शिरलो, राज्याकडून खेळलो, गुडघा गेल्यावर पुण्यात एका शाळेत पोरांना शिकवायला लागलो, तिथून मस्कतला. प्रत्येक ठिकाणी मी भांडून जागा मिळवली. माझ्यासाठी कुणी शब्द टाकला नाही. आणि एवढ्या वर्षांत माझ्या घरातलं एक माणूस, एक, माझा एक सामना बघायला आलं नाही. का, तर रास. दर वर्षी सामने ऑक्टोबरात आणि रासही ऑक्टोबरात. जणू ही दोन्ही वेळापत्रकं माझ्याविरुद्ध कुणीतरी एकत्र बसून ठरवली होती.

गावात माझं कौतुक फार. पारावर सांगतात, ‘‘दिगंबर दुबईला मोठा साहेब हाय.’’ मी मस्कतला आहे. हे मी चौदा वेळा सांगून बघितलं, आता सोडून दिलं. ‘‘काय करतो तिकडं?’’ ‘‘बॉल शिकवतो.’’ ‘‘अन् काम?’’ इथे पुन्हा माझं डोकं फिरतं.

तिथे मस्कतला तरी काय सुख आहे म्हणता. हॉल गार, लाकडी जमीन, पोरांच्या पायात माझ्या पहिल्या पगारापेक्षा भारी बूट. पण आईबाप आपलेच. कुणी केरळचे, कुणी नाशिकचे. पहिल्या दिवशी पोराला सोडायला येतात आणि हळूच विचारतात, ‘‘सर, सर्टिफिकेट मिळेल ना?’’ मुलगा किती उंच उडतो हे अजून एकाही बापानं विचारलेलं नाही. माझ्याबरोबर एक इजिप्तचा कोच आहे. तो मला हसतो, कारण मी पोरांना अर्ध्या कोर्टावर खेळूच देत नाही. दोनच पोरं आली तरी पुरं कोर्ट. तो म्हणतो, जागा वाया जाते. त्याला काय सांगणार?

असो. मी आलो होतो मयूरीसाठी.

मयूरी नानाची मुलगी. औशाला अकरावीत शिकते. आमच्या घराण्यातली उंची पुरुषांना चुकवून तिच्या वाट्याला आली आहे. दारातून आत येताना वाकते. बॉल तिच्या हातात गेला की तो सांगितलेलं ऐकतो. मी दर रविवारी मस्कतहून तिला व्हिडिओवर शिकवत होतो. आणि सप्टेंबरात नानाचा फोन आला. ‘‘दिवाळीनंतर पोरीला लातूरच्या क्लासला टाकायला लागलो. डॉक्टरकीची तयारी. होस्टेल बी बघून ठेवलंय. बॉल बंद.’’

मी तासभर ओरडलो. नानावर ओरडून उपयोग नसतो, तो फोन बैलाच्या पाठीवर ठेवल्यासारखा बाजूला ठेवून काम करत राहतो. मग मी सौदा केला. नांदेडला विभागाची निवड आहे. तिथे मयूरीचं नाव आलं तर दिवाळीनंतर शिबिराला आणि राज्याच्या स्पर्धेला पाठवायचं. नाही आलं तर क्लास. आणि मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही.

‘‘तू तोंड उघडणार न्हाईस?’’ नानानं विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग मंजूर.’’

म्हणून सुट्टी काढून, मालकाशी वाद घालून, मी आलो. पिशवी ओसरीवर टाकली आणि तडक शाळेच्या मागे गेलो. कोर्ट पिवळंजर्द. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन दिवस पाऊस झालेला, सगळ्यांचा माल ओला, म्हणून आमचीच नव्हे, आणखी दोन घरांची रास. आणि मयूरी एका कडीखाली हातभर जागेत उभी राहून बॉल टाकतेय, घेतेय, टाकतेय. 

आबांच्या जागी आता नाना राशीत पाय ओढत फिरत होता. मी म्हणालो, ‘‘नाना, उचल हे.’’

‘‘आलास? पाणी पिलास का?’’

‘‘उचल आधी.’’

‘‘कुठं उचलू? डोक्यावर घेऊ? बोट घालून बघ, किती ओल हाय ती. तुझ्या दुबईत ऊन असंल, हितं दोन तास पडतंय.’’

‘‘मस्कत. पोरीची निवड आहे पुढच्या आठवड्यात.’’

‘‘मग खेळू दे की. मी काय धरून ठेवलंय का तिला? अर्धं देतो सांजच्याला.’’

अर्धं! हा शब्द ऐकला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाया काम सोडून उभ्या राहिल्या. नानानं पाय ओढणं थांबवलं नाही. म्हणाला, ‘‘बेजार करू नको दिग्या. ह्या राशीवरच तिची फी हाय. बॉलवर न्हाई.’’

त्याचं चूक नव्हतं, हीच पंचाईत. चूक असतं तर मी दोन मिनिटांत जिंकलो असतो.

घासाघीस झाली. मी तीन ते सहा मागितले, त्यानं पाच ते सहा सांगितलं. शेवटी चार ते सहा ठरलं, पुरं कोर्ट, पण अट अशी की चारच्या आत रास गोळा करायची ती मी. एकही दाणा कोर्टावर राहता कामा नये ही माझी अट आणि एकही दाणा मातीत जाता कामा नये ही त्याची. शेजारच्या दोन घरांनी लगेच मान हलवली: दिगंबर गोळा करत असंल तर आमचंबी करू दे.

तर आठवडाभर, राज्याकडून खेळलेला, परदेशात पोरांना शिकवणारा मी, दाताळं आणि खराटा घेऊन तीन घरांचं सोयाबीन ओढत होतो. गुडघा किरकिरत होता. मयूरी एका बाजूनं, मी एका बाजूनं. बांधावर बसलेली म्हातारी म्हणाली, ‘‘दुबईवाले, हिकडं कोपऱ्यात राहिलं बघा.’’ एकदा व्यंकट आला. आता त्याची औशात आडत आहे, ओल मोजायचं यंत्र घेऊन गावोगाव फिरतो. कडेला उभा राहून माझ्याकडे बघत होता.

‘‘काय बघतोस?’’

‘‘काय न्हाई. तवा असं झाडून दिलं असतं कुणी, तर मी कुठल्या कुठं असतो.’’

‘‘तू आहेस तिथेच बरा आहेस. पाय लावायची काय गरज होती रे?’’

तो हसत सुटला. मयूरीनं विचारलं, ‘‘कशाला पाय?’’ आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. खेळाडूला काही गोष्टी सामन्याआधी सांगू नयेत.

मग दोन तास. पुरं कोर्ट. या कडीखालून त्या कडीपर्यंत, तिथून परत. मी तिला श्वास घेऊ दिला नाही. बॉल हातात आला की मागे बघायचं नाही, समोर, समोर, त्या टोकाला! माझा आवाज औशाच्या रस्त्यापर्यंत जायचा म्हणे. उन्हं उतरायची, सिमेंट कोमट असायचं, हवेत भुसकट तरंगत असायचं आणि त्यातून ती लांबलचक पोरगी धावत जायची. अशा वेळी एखाद्याला भरून आलं असतं. मला फक्त दिसत होतं की तिचा डावा हात कच्चा आहे.

नांदेडला नाना येणार नव्हता. वहिनीनं पाठवलं. म्हणाली, ‘‘पोरगी परगावी चाललीय, बापानं जावं. भावजी काय, दोन आठवड्यांचे पाहुणे.’’ हेही मी गिळलं. पहाटेच्या गाडीनं निघालो. रास वहिनीवर आणि शेजाऱ्यांवर टाकून नाना खिडकीशी बसला आणि सगळी वाट आभाळाकडे बघत राहिला. नांदेडला उतरल्यावर आधी गुरुद्वाऱ्यात माथा टेकला, पंगतीत जेवला, दुसऱ्यांदा डाळ मागून घेतली, आणि मैदानावर येऊन माझ्या शेजारी बाकावर बसला तो थेट पंचांना नावं ठेवायला लागला.

‘‘त्यानं का वाजवली?’’

‘‘ढकललं म्हणून.’’

‘‘एवढ्याशानं? मग ह्यांनी पाळण्यात खेळावं.’’

‘‘नाना, गप बस.’’

‘‘अन् आता ही काहून थांबली?’’

 समोर मयूरी चुका करत होती. पहिल्या डावात दोन बॉल हातातून सुटले. डावा हात.  निवड करणारे तिघं टेबलामागे बसून चहा पीत होते, त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. हा एक सामना, यातून नाव आलं तर आलं. नाही तर दिवाळीनंतर ती लातूरच्या एका खोलीत, खोलीतल्या पलंगापेक्षा लांब पाय घेऊन बसणार, आणि मी तोंड उघडायचं नाही असं कबूल करून बसलेलो.

दुसरा डाव सुरू झाला आणि नानाचा फोन वाजला. वहिनी. तिचा आवाज मला ऐकू येत होता. आभाळ भरून आलंय, वारं सुटलंय, सगळी रास उघडी, माणसं दोनच आहेत.

मी नानाकडे बघितलं नाही. मला माहीत होतं आता काय होणार. तो उठणार, फेऱ्या मारणार, गावातल्या दहा जणांना फोन लावणार, समोर काय चाललंय ते त्याला दिसणार नाही. याच क्षणी मयूरीनं आमच्या कडीखाली उडी मारून बॉल काढला. मागे बघितलं नाही. डाव्या हातानं, कच्च्या हातानं, बॉल घेऊन निघाली ती पुऱ्या कोर्टातून, दोघींना चुकवून, त्या टोकाच्या कडीत. बाकावरची सगळी पोरं ओरडली.

नाना फोनवर म्हणाला, ‘‘ताडपत्र्या टाका जेवढं होईल तेवढं. बाकीचं भिजू दे. मी हितं हाय.’’ आणि फोन खिशात घातला.

वीस-बावीस वर्षं मी एक भाषण तयार ठेवलेलं आहे. त्यात रास आहे, आबा आहेत, नानाचं ते हसू आहे. नांदेडला, त्या बाकावर, ते भाषण घशापर्यंत आलं. हे एवढं सोपं होतं? भिजू दे, एवढं म्हणायचं होतं फक्त? मग तेव्हा कुणाच्या तोंडाला काय झालं होतं? राग इतका आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि नानाला वाटलं मला पोरीचं कौतुक वाटतंय. पाठीवर थाप मारली त्यानं.

सामना जिंकला. संध्याकाळी नावं वाचली. मयूरीचं चौथं.

बाहेर चहाच्या गाड्यावर नानानं तिघांचा चहा सांगितला. मयूरी मैत्रिणींबरोबर जरा लांब होती. नाना बशीत चहा ओतून फुंकत राहिला. मग एकदम म्हणाला, ‘‘तूबी असंच खेळायचास का रे?’’

‘‘हिच्यापेक्षा बरा,’’ मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

त्यानं बशी खाली ठेवली. मयूरीकडे बघितलं, ती दोन्ही हातांनी काहीतरी सांगत होती, सामन्यातलंच असणार. नाना म्हणाला, ‘‘मग लई वाईट झालं.’’

प्रत्येक सबबीचं उत्तर माझ्याकडे होतं. पाऊस होता म्हणाला असता तर होतं. आबांपुढे माझं काय चालत होतं म्हणाला असता तर होतं. याला नव्हतं. मी चहा पीत राहिलो. चहा गोडमिट्ट होता, त्याबद्दल गाडीवाल्याशी भांडावं असंही वाटलं नाही.

मयूरी आली. ‘‘पप्पा, शिबिराला जायचं ना?’’

‘‘जा,’’ नाना म्हणाला.

‘‘जा म्हणजे?’’ मी मध्येच बोललो. ‘‘नुसतं शिबिर नाही. राज्याची स्पर्धापण ठरली होती. आणि क्लासवाल्यांचं काय? ते म्हणतील टेस्ट आहे, सुट्टी नाही. होस्टेलला पैसे भरलेस का तू? आणि तिथून आल्यावर सरावाचं काय, कोर्ट कुठे...’’

‘‘दिग्या,’’ नाना म्हणाला, ‘‘गप बस की आता. दिलं ना.’’